साखळी दुकानांतल्या नूडल्स, टोकियो ते नागासाकी

जपानला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: साखळी दुकानांत जेवू नका, गल्लीबोळातलं एखादं जुनं दुकान शोधा. ताईने आणि मी मुद्दाम उलट केलं. जपानमधल्या नूडल्सच्या साखळ्या कुठल्या ना कुठल्या गावात जन्मल्या आहेत आणि त्या गावची चव त्यांनी सोडलेली नाही. तेव्हा शक्य तिथे ज्या साखळीचं जे गाव, तिथेच जाऊन ती खायची, असा बेत होता. नोव्हेंबरची अखेर होती. रेल्वे आणि हॉटेलं आधीच ठरवलेली होती आणि त्यात काही बिघडलं नाही, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याभोवती फिरतं. मी सगळं खाते. ताई अंडं खाते, पण मासे आणि मांस खात नाही. जपानी नूडल्सच्या रश्श्यात मासा नाही असं जवळपास होतच नाही.

सोमवार, टोकियो

पोहोचलो तेव्हा चांगलीच थंडी होती. जिंको झाडांची पानं हळदीच्या रंगाची झाली होती आणि फुटपाथवर त्यांचा थर साचला होता. पहिलं जेवण ताईचं. टोकियो स्टेशनात, तिकिटाच्या फाटकाच्या आत, केइयो स्ट्रीट नावाच्या भागात ‘टीझ तानतान’ आहे. मांस, मासे, अंडी, दूध यांतलं काहीही तिथे वापरत नाहीत. तिळाच्या दाट रश्श्यातलं तानतानमेन ही त्यांची खासियत. वर तिखट तेलाचा तवंग आणि खिम्यासारखं दिसणारं सोयाबीन. पहिला चमचा घेतल्यावर ताई काही बोललीच नाही, थेट वाडगाच उचलून तोंडाला लावला.

इथे जायचं तर दुकान फाटकाच्या आत आहे हे लक्षात ठेवा. रेल्वेचा प्रवास करून उतरलात किंवा गाडी पकडायला निघालात की सहज जमतं, नाहीतर फलाटाचं तिकीट काढावं लागतं. उएनो स्टेशनातही शाखा आहे.

माझी पाळी रात्री आली. ‘नादाई फुजी सोबा’ ही टोकियोची अगदी रोजच्या वापरातली साखळी. स्टेशनांजवळ सापडते आणि बऱ्याच शाखा रात्रभर उघड्या असतात. दाराशी तिकिटाचं यंत्र. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, तिकीट काउंटरवर ठेवायचं. आतला माणूस एवढंच विचारतो, सोबा की उडोन? म्हणजे कुट्टूच्या की गव्हाच्या? दोन-तीन मिनिटांत वाडगा समोर. साधा सोबा ५०० येनच्या आसपास मिळतो.

आत जपानी जुनी विरहगीतं, एनका, लागली होती. या साखळीचे संस्थापक मिचिओ तान स्वतः एनकाची गीतं लिहायचे, म्हणून दुकानांत हेच संगीत असतं. रात्री साडेदहाला तिथे सूट घातलेले चार-पाच जण एकेकटे बसले होते. शेजारच्या गृहस्थांनी टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचलं, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि सोबा ओरपायला घेतला. सहा मिनिटांत वाडगा रिकामा. तो त्यांनी स्वतः उचलून परतीच्या खिडकीत ठेवला, आतल्या माणसाला “गोचिसोसामा”, म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणाले आणि गेले. दिवसभराची दमणूक ज्या दुकानात अशी उतरते त्याला कमी लेखायचं कशाला?

यंत्रांबद्दल एक सूचना. जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा काढल्या. जुनी यंत्रं अजून कुठे कुठे त्या घेत नाहीत. एका दुकानात आमची १,००० येनची नोट यंत्राने तीनदा बाहेर ढकलली. काउंटरवर दाखवली तर लगेच बदलून मिळाली. तरी सुटी नाणी जवळ असलेली बरी.

बुधवार, नागोया

नागोयात किल्ला पाहिला, पण लक्षात राहिलं ते एका मॉलच्या खाण्याच्या मजल्यावरचं ‘सुगाकिया’. १९४६ साली या शहरात गोड पदार्थांचं दुकान म्हणून सुरू झालं आणि रामेन, म्हणजे रश्श्यातल्या गव्हाच्या नूडल्स, नंतर आलं. त्यामुळे आजही तिथे एकाच काउंटरवर रामेन आणि आइसक्रीम मिळतं. नागोयाभोवतीच्या तोकाई भागाबाहेर शाखा फारशा नाहीत. नागोयात वाढलेली माणसं परगावी गेली की ह्याच चवीसाठी झुरतात, असं हॉटेलातल्या स्वागतकक्षातल्या मुलीने सांगितलं होतं. तिने नकाशावर जवळची शाखा दाखवली, आणि ती दाखवताना तिचा चेहरा खुलला होता.

रस्सा पांढुरका, डुकराच्या हाडांचा आणि माशांचा मिळून केलेला, पण हलका. वर मांसाचा एक पातळ काप, बांबूचे कोंब आणि कांद्याची पात. किंमत ५०० येनच्या आत. जेवायला मिळतो तो सुगाकियाचा रामेन फोर्क: चमचा आणि काटा एकातच. एकदाच वापरून टाकायच्या लाकडी चॉपस्टिक्स कमी व्हाव्यात म्हणून १९७८ साली तो आणला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या दुकानातही तो विकायला ठेवलेला आहे. हातात धरल्यावर कळतं की काट्याचे दात चमच्याच्या पुढच्या कडेला आहेत. नूडल्स दातांवर गुंडाळायच्या आणि त्याच घासात रस्साही उचलायचा. मला सवय व्हायला अर्धा वाडगा लागला.

समोरच्या टेबलावर शाळेच्या गणवेशातल्या चार मुली. दोन वाडगे रामेन चौघींत, आणि आइसक्रीम मात्र प्रत्येकीला वेगळं. ताईही आइसक्रीम खात होती. तिच्याकडे बघून त्यांतली एक हसली आणि आपला कोन उंच करून दाखवला. मग ताईनेही दाखवला. एवढीच ओळख, पण निघताना चौघींनी हात हलवून निरोप दिला.

शुक्रवार, ताकामात्सु

ओकायामाहून मरीन लायनर गाडी समुद्रावरून शिकोकू बेटावर जाते. सेतो महापूल १९८८ साली सुरू झाला. त्याआधी अलीकडच्या उनो बंदरापासून ताकामात्सुपर्यंत बोटीतून जावं लागे आणि बोटीच्या डेकवर उभ्याने उडोन खाणं ही त्या प्रवासाची मोठी आठवण होती. गावाकडे परतणाऱ्यांना घरची चव पहिल्यांदा तिथे मिळायची. गाडीत शेजारी बसलेल्या आजींनी हे फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने आम्हांला सांगितलं. वारा जोराचा असला की रस्सा गार व्हायच्या आत संपवावा लागायचा, म्हणाल्या. सांगताना दोन्ही हातांनी वाडगा धरल्याची खूण करत होत्या.

ताकामात्सु ज्यात आहे तो कागावा प्रांत उडोनचा. २०११ पासून तो स्वतःची जाहिरातच ‘उडोन प्रांत’ म्हणून करतो. यामागे हवामान आहे. सेतोच्या समुद्राकाठी पाऊस कमी. भातशेतीच्या पाण्यासाठी इथे जुन्या काळापासून तळी बांधावी लागली. मान्नो-इके हे त्यातलं सर्वांत नावाजलेलं, त्याच्या दुरुस्तीचं काम ८२१ साली कूकाई या बौद्ध आचार्यांनी पाहिलं. भाताला पाणी अपुरं पडणाऱ्या या कोरड्या हवेत गहू चांगला आला. मीठ साकाइदेच्या मिठागरांतून, सोया सॉस समोरच्या शोदोशिमा बेटावरून, आणि रश्श्यासाठी इरिको म्हणजे सुकवलेले छोटे मासे जवळच्याच इबुकी बेटावरून. वाडग्यातलं सगळं हाकेच्या अंतरावरचं होतं. आज पीठ बहुतेक ऑस्ट्रेलियातून येतं हेही खरं, पण बाकीचं अजून तसंच आहे.

संध्याकाळी पोहोचलो तेव्हा इथल्या नावाजलेल्या दुकानांची दारं बंद होती. कागावात बरीच दुकानं सकाळी लवकर उघडतात आणि उडोन संपलं की दुपारीच बंद होतात. अशा वेळी साखळी दुकान उपयोगी पडतं. ‘हानामारु उडोन’ २००० साली ह्याच ताकामात्सुत सुरू झालं. त्याच वर्षी पलीकडे ह्योगो प्रांतातल्या काकोगावा शहरात ‘मारुगामे सेइमेन’चं पहिलं दुकान निघालं. मारुगामे हे कागावातल्या शहराचं नाव, साखळी मात्र समुद्रापलीकडची. आज देशभर उडोन म्हटलं की ह्या दोन नावांचे फलक दिसतात.

पद्धत अशी: ट्रे घ्यायचा, रांगेत सरकायचं, उडोन सांगायचं, मग तेम्पुरांतून, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या-माशांतून, हवे ते चिमट्याने उचलायचे, शेवटी पैसे. कांद्याची पात आणि तळणीतला चुरा फुकट, हवा तेवढा घ्या. उडोन ‘लहान’ सांगा, एका माणसाला पुरतं. तेम्पुरा घेताना शाकाहारी माणसाने विचार करावा, कारण भोपळा आणि कोळंबी एकाच तेलात पोहतात. ताईने तेम्पुरा घेतला नाही.

ताईची युक्ती इथे कामाला आली आणि ती सगळ्या शाकाहाऱ्यांनी उचलण्यासारखी आहे. ती ‘कामाआगे’ मागायची. म्हणजे उकळत्या हंड्यातून काढलेलं उडोन, थेट त्याच्याच गरम पाण्यात. सोबत बुडवायला जो रस्सा देतात त्यात मासा असतो, तो माझ्याकडे. टेबलावरच्या सोया सॉसमध्येही कित्येकदा माशाचा अर्क असतो, म्हणून टोकियोच्या सुपरमार्केटातून साध्या सोया सॉसची छोटी बाटली आम्ही घेऊन ठेवली होती. त्याचे चार थेंब, किसलेलं आलं, पात, तीळ. बस. “आता मला गव्हाची चव लागली,” ती म्हणाली. मी तिच्या ताटातलं घेऊन पाहिलं आणि मान्य केलं. रश्श्यात बुडवल्यावर पीठ मागे पडतं. असं खाल्लं की दातांखाली आधी मऊ आणि मग मध्यभागी जो चिवटपणा येतो, तो नीट कळतो. कागावातले लोक ह्या चिवटपणावरूनच दुकानाची पारख करतात.

शनिवार, कोतोहिरा

ताकामात्सुहून कोतोदेनची छोटी गाडी तासाभरात कोतोहिराला नेते. सानुकी हे कागावाचं जुनं नाव. वाटेत खिडकीतून सानुकी फुजी दिसतो, सपाट शेतांतून एकटाच वर आलेला शंकूसारखा डोंगर. दिवस स्वच्छ उन्हाचा. कोंपिरासानच्या देवळाला मुख्य मंदिरापर्यंत ७८५ पायऱ्या आहेत. वाटेवर मेपल लालभडक झाले होते. दुकानांबाहेर वेळूच्या काठ्या ठेवलेल्या असतात, चढायला घेऊन जा आणि उतरल्यावर परत ठेवा. ताईने घेतली, गुडघ्यांना फार बरं वाटलं म्हणाली. वरून सगळं सानुकीचं मैदान दिसतं, आणि त्यात चकाकणारी ती तळी. कालच्या वाडग्याचा उगम असा डोळ्यांसमोर पसरलेला पाहून मला फार आनंद झाला.

उतरल्यावर भूक सपाटून लागली होती. गावातल्या एका साध्या दुकानात शिरलो. इथे वाडग्यात गार उडोनची लडी देतात आणि पुढचं काम तुमचं. समोर उकळत्या पाण्याची टाकी आणि लांब दांड्याची खोल जाळी. मी जाळीत उडोन टाकून नुसती उभी राहिले, तेव्हा मागच्या माणसाने, रबरी बूट आणि शेतातले कपडे घातलेल्या साठीतल्या काकांनी, माझ्या हातातली जाळी हलकेच घेतली. मनगटाला झटका देत तीनदा पाण्यात फिरवली, वर उचलली, दोन हिसडे देऊन पाणी झाडलं आणि वाडग्यात पालथी केली. उडोन लोकरीच्या लडीसारखं घडीने बसलं. मग त्यांनी तोटीकडे बोट दाखवलं, जिथून रस्सा स्वतः भरून घ्यायचा. दुसरी लडी त्यांनी माझ्याकडून करून घेतली. पाणी झाडायला मी कमी पडत होते. ते राहिलं तर रस्सा पाणचट होतो, म्हणून त्यांनी ते पुन्हा करायला लावलं. जमल्यावर मोठ्याने हसून मान डोलावली. ते आणि त्यांच्या सोबतचे दोघं दहा मिनिटांत जेवून कामावर परत गेले.

आदल्या दिवशीच्या साखळी दुकानातला ट्रे, रांग, फुकटची पात, सगळं इथूनच उचललेलं आहे. देशभर जे पोहोचलं ते ह्या गावातल्या माणसांचं दुपारचं घाईचं जेवण होतं.

रविवार आणि सोमवार, फुकुओका

फुकुओकाच्या हाकाता या जुन्या भागात, हाकाता स्टेशनच्या जवळ, जोतेनजी देऊळ आहे. एन्नी नावाचे भिक्षू १२४१ मध्ये चीनहून परतले आणि त्यांनी दळण्याचं तंत्र सोबत आणलं, असं इथे मानतात. आवारात उडोन आणि सोबा जपानात इथून सुरू झाले असं सांगणारा दगड उभा आहे. गंमत म्हणजे हाकाताचं उडोन कागावापेक्षा अगदी वेगळं, मऊ आणि ओठांनी तुटणारं.

ते खायला ‘सुकेसान उडोन’मध्ये गेलो. ही साखळी शेजारच्या किताक्युशूची, १९७६ पासूनची. बर्डॉक नावाच्या मुळीच्या लांब तळलेल्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवतात, त्या हळूहळू रश्श्यात भिजतात आणि पहिल्या घासाला कुरकुरीत असलेली काडी शेवटच्या घासाला मऊ होते. इथे उडोनसोबत मोठा खप आहे तो बोतामोची या गोड पदार्थाचा: चिकट भाताचा गोळा आणि भोवती लाल घेवड्याचं गोड पुरण. ताईने दोन खाल्ले. वाढणाऱ्या बाईंना ती ‘ओइशी’, म्हणजे चविष्ट, म्हणाली तर त्यांनी एक डबीत बांधून आणला आणि त्याचे पैसे घ्यायला तयार होईनात. ताईने वाकून नमस्कार केला, बाईंनी त्याहून वाकून केला, आणि हे थोडा वेळ चालूच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच ‘इचिरान’ला गेले. तोनकोत्सु, म्हणजे डुकराची हाडं तासन्‌तास उकळून केलेला पांढरा रस्सा. ताईला तिथे घेऊन जाण्यात अर्थ नव्हता, आणि हे दुकान तसंही एकट्याने जाण्याचंच आहे. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, समोर छोटी खिडकी. कागदावर खुणा करायच्या: रस्सा किती दाट, लसूण किती, लाल तिखट मिश्रण किती, नूडल्स किती कडक. खिडकीतून फक्त दोन हात येतात, वाडगा ठेवतात, आणि बांबूचा पडदा खाली सरकतो. मग तुम्ही आणि वाडगा. शेजारी कोण आहे दिसत नाही, फक्त ओरपण्याचा आवाज.

मला वाटलं होतं की ह्यात एकटेपणा वाटेल. तसं झालं नाही. कोणाकडे बघायचं नाही, कोणी बघत नाही, आणि चव पूर्ण लक्ष देऊन घेता येते. नूडल्स सुईसारख्या बारीक. असं म्हणतात की इथल्या नागाहामाच्या मासळीबाजारातल्या घाईत असलेल्या लोकांसाठी पटकन शिजणाऱ्या बारीक नूडल्स आल्या, आणि त्या पटकन फुगतात म्हणून एकदम जास्त न देता मागाहून आणखी द्यायची रीत पडली. त्याला काएदामा म्हणतात. इचिरानमध्ये काएदामाची पट्टी समोरच्या बटणावर ठेवली की रामेनच्या जुन्या फेरीवाल्यांची सनईसारखी धून वाजते आणि ते हात परत येतात. तेव्हा रस्सा सगळा पिऊन टाकू नका, अर्धा राखा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सगळ्या खुणा मधल्या रकान्यात कराव्यात, फक्त नूडल्स एक पायरी कडक. किंमत हजार येनच्या आसपास. दिवसा पर्यटकांची रांग मोठी असते, पण बऱ्याच शाखा २४ तास चालू असतात आणि पहाटे पाच-साडेपाचला लगेच जागा मिळते. तेव्हा तिथे रात्रपाळी संपवून आलेले लोक होते. बाहेर पडताना त्यांचे चेहरे दिसले, तेवढेच.

मंगळवार, नागासाकी

हाकाताहून गाडीने ताकेओ-ओन्सेनपर्यंत, तिथे समोरच्याच फलाटावर नागासाकीची शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, उभी असते. हा नवा मार्ग सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. पाऊस लागला होता. नागासाकी चढउतारांचं गाव, दगडी पायऱ्या ओल्या झाल्या की जपून चालावं लागतं, रबरी तळाचे बूट हवेतच.

इथलं चाम्पोन प्रसिद्ध. चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या चेन पिंगशुन यांनी १८९९ मध्ये ‘शिकाइरो’ सुरू केलं आणि गरीब चिनी विद्यार्थ्यांना स्वस्तात पोटभर मिळावं म्हणून भाज्या, समुद्री जिन्नस, मांस आणि जाड नूडल्स एकाच कढईत शिजवल्या. ते दुकान आजही आहे आणि तिथे चाम्पोनचं छोटं संग्रहालयही आहे. ते पाहून आम्ही जेवायला गेलो ‘रिंगर हट’मध्ये. ह्या साखळीचं पहिलं चाम्पोनचं दुकान १९७४ साली नागासाकीतच निघालं, आणि नाव घेतलं ते इथे राहिलेल्या फ्रेडरिक रिंगर या ब्रिटिश व्यापाऱ्याचं. त्यांचं घर ग्लोव्हर बागेत बघायला मिळतं. सकाळी घर पाहिलं आणि दुपारी त्या नावाखाली जेवलो.

२००९ पासून रिंगर हटमधल्या सगळ्या भाज्या जपानातच पिकवलेल्या असतात. वाडग्यात कोबी आणि मोड आलेल्या कडधान्याचा ढीगच. शाकाहारी माणसाला मात्र चाम्पोनमध्ये वाव नाही. ताईने स्टेशनवरून कास्तेल्ला केक घेतला होता, तो हॉटेलात खाल्ला. दुकानात ती माझ्यासोबत नुसतं गरम पाणी पीत बसली होती.

मी ‘सारा उडोन’ नावाचा पदार्थ मागवला: तळलेल्या बारीक नूडल्सवर तोच सगळा ऐवज दाट रश्श्यात. शेजारच्या टेबलावरच्या बाई बघत होत्या. त्या उठून आल्या आणि सॉसची बाटली माझ्यासमोर ठेवली. नागासाकीत सारा उडोनवर आंबटगोड काळा सॉस घालतात, ‘किंचो’ नावाचा. त्याशिवाय खाणं त्यांना बघवेना. मी आधी अर्ध्या ताटावर घातला, अर्धं तसंच ठेवलं. सॉसच्या बाजूच्या नूडल्स आधी संपल्या, मग उरलेल्या अर्ध्यावरही ओतला. बाईंनी आपल्या यजमानांना कोपराने ढोसून ते दाखवलं. छोटी बाटली नागासाकीच्या सुपरमार्केटांत मिळते, आम्ही दोन घेतल्या. काचेची असते, तेव्हा कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेतच ठेवा, हातातल्या बॅगेत विमानतळावर अडवतील.